प्रस्तावना : कॅबिनेटच्या आतला कारभार

गेमिंग पीसीची टिंगल करायची झाली की लोक आधी त्याच्या दिव्यांवर घसरतात. काचेचं कॅबिनेट, आत रंग बदलत फिरणारे पंखे, रॅमच्या पट्ट्यांवरून सरकणारा उजेड, कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली निराळा रंग. ‘याने गेम जास्त जोरात पळतो का?’ हा घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरीही या पुस्तकाचा विषय हेच दिवे आहेत. नेमकं सांगायचं तर दिवे, पंखे, लिक्विड कूलरचा पंप, माउस, कीबोर्ड आणि हेडसेट या सगळ्यांना हुकूम सोडणारं सॉफ्टवेअर. एरवी त्याच्याकडे कुणी गंभीरपणे पाहत नाही. प्रोसेसरच्या तुलना होतात, ग्राफिक्स कार्डांचे फ्रेम मोजले जातात, किमतींवर वाद झडतात. पीसी जोडून झाल्यावर कधीतरी डाउनलोड करायची आणि विसरून जायची गोष्ट, एवढीच या सॉफ्टवेअरची पत.

माझं म्हणणं असं, की गेमिंग पीसीवर भरपूर अधिकार घेऊन बसलेलं आणि तरीही सगळ्यात कमी तपासलं जाणारं सॉफ्टवेअर बहुधा हेच असतं. पीसी सुरू होताच ते जागं होतं, दिवसभर मागे चालू राहतं, आणि प्रोसेसरचं तापमान वाचायचं किंवा रॅमवरचा रंग बदलायचा म्हणून विंडोजच्या अशा थरात शिरतं, जिथे साध्या प्रोग्रॅमला मज्जाव असतो. तेव्हा त्याच्याबद्दल विचारायचे प्रश्न सजावटीचे नाहीत, कारभाराचे आहेत. हुकूम कुठे लिहून ठेवला जातो? तो बजावण्यासाठी किती अधिकार मागितला जातो? आणि हुकूम देणारा प्रोग्रॅम बंद पडला तर मागे काय उरतं? पुस्तकातली सगळी प्रकरणं या तीन प्रश्नांभोवती फिरतात.

०००

पीसी उजळवायची हौस सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हौशी मंडळी कॅबिनेटचा पत्रा स्वतः कापून त्यात ॲक्रिलिकची खिडकी बसवत आणि आत कोल्ड कॅथोडच्या निळ्या किंवा हिरव्या नळ्या लावत. पंख्यांसाठी सीडी ड्राइव्हच्या खणात बसणारी एक पट्टी मिळे; तिच्यावर गोल नॉब असत आणि ते हाताने फिरवायचे असत. रंग एकच, तो नळी विकत घेतानाच ठरलेला. वेग मात्र थेट हातात. ‘स्पीडफॅन’सारखे प्रोग्रॅम तेव्हाही होते, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

अडायला लागलं ते रंग वाढल्यावर. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते. पुरेसा प्रखर निळा १९९० च्या दशकात जपानमध्ये साधला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्या कामाबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. योगायोग असा, की कॉर्सेअरचा ‘के७० आरजीबी’ आणि रेझरचा ‘ब्लॅकविडो क्रोमा’ हे कीबोर्ड बाजारात आले तेही २०१४ मध्येच. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर एका बटणाखाली १,६७,७७,२१६ रंग शक्य होतात, आणि अशी शंभराच्या आसपास बटणं. हा पसारा नॉबने आवरणारा नव्हता. त्याला पडद्यावरचा कीबोर्डचा नकाशा लागतो, रंगांची चकती लागते, प्रोफाइल साठवायची सोय लागते. सॉफ्टवेअर आलं ते या गरजेतून.

पुढे ते एक राहिलं नाही. कॉर्सेअरचं आयक्यू, रेझरचं सिनॅप्स, लॉजिटेकचं जी हब, स्टीलसिरीजचं जीजी, एसुसचं आर्मरी क्रेट आणि त्यातलं ऑरा सिंक, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन, एएसरॉकचं पॉलिक्रोम, एनझेडएक्सटीचं कॅम, लियान लीचं एल-कनेक्ट. यादी अजून लांबवता येईल. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या, पंखे तिसऱ्या आणि माउस चौथ्या कंपनीचा असेल (आणि आपल्याकडे सुटे भाग किमती बघून घेतले जातात, त्यामुळे तो तसाच असतो) तर चार प्रोग्रॅम एकाच वेळी चालू राहतात. प्रत्येकाची मागे चालणारी स्वतःची सर्व्हिस, स्वतःचा अपडेटर आणि बऱ्याचदा स्वतःचं लॉगिनही. ग्राहकाला एका कंपनीच्या कुटुंबात बांधून ठेवण्याचं हे स्वस्त साधन आहे, हे कंपन्यांच्याही लक्षात आलेलं आहे. पंखा काही वर्षं टिकतो. पण ‘बाकी सगळं त्याच ॲपवर आहे’ म्हणून पुढचा पंखाही त्याच कंपनीचा घेतला जातो.

०००

आता आत काय घडतं ते जवळून पाहू. मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन प्रकारचे हेडर असतात. जुना चार पिनांचा, १२ व्होल्टचा : त्यात एक तार विजेची आणि बाकी तीन लाल, हिरव्या, निळ्यासाठी. या हेडरवरची संपूर्ण पट्टी एका वेळी एकच रंग दाखवू शकते. नवा तीन पिनांचा, ५ व्होल्टचा, ज्याला बाजारात ए-आरजीबी म्हणतात : त्यात वीज, ग्राउंड आणि मधे एकच डेटाची तार. या एका तारेवरून प्रत्येक दिव्याला वेगळा रंग पोहोचतो, आणि ही किमया चीनमधल्या वर्ल्डसेमी कंपनीच्या डब्ल्यूएस२८१२बी किंवा त्या जातीच्या एलईडीची. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक बारीक चिप असते. तारेवरून २४-२४ बिटांचे तुकडे एकामागोमाग येतात. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा पहिल्याच्या हाती दिला की तो वरची आपल्यापुढे ठेवतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो, तसा पहिला दिवा पहिले २४ बिट ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे सोडतो. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद. ६० दिव्यांची पट्टी दोन मिलिसेकंदांच्या आत रंगून होते. डोळ्याला दिसते ती वाहती लाट. गणपती मंडळांच्या देखाव्यांत आणि लग्नाच्या मांडवांत अलीकडे ज्या ‘पिक्सेल’ माळा लागतात, त्या याच घराण्यातल्या.

इथे दोन गोष्टी गाठीला बांधून ठेवाव्यात. एक, ५ व्होल्टची पट्टी अडॅप्टर लावून किंवा जोर करून १२ व्होल्टच्या हेडरवर बसवली तर ती तत्क्षणी जळते. कुठलंही सॉफ्टवेअर तिला वाचवू शकत नाही. दुसरी, पूर्ण पांढरा रंग हा सर्वांत महाग रंग आहे. एका दिव्याला त्यासाठी साधारण ६० मिलिअँपिअर लागू शकतात, आणि मदरबोर्डच्या ए-आरजीबी हेडरची मर्यादा बहुधा ३ अँपिअर असते. म्हणजे ५० दिवे पूर्ण पांढरे पेटवले की मर्यादा गाठली. सात पंखे आणि दोन पट्ट्या एकाच हेडरवर स्प्लिटरने लटकवणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

पंख्यांचं गणित वेगळं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतात. चार पिनांच्या पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट सतत मिळतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत येतो. त्यात ‘चालू’चा वाटा किती, यावर वेग ठरतो. तिसरी तार पंख्याकडून उलट निरोप आणते : एका फेऱ्याला दोन ठोके. मिनिटाला १२०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला ४० ठोके पाठवतो, आणि ते मोजून सॉफ्टवेअर पडद्यावर ‘१२०० आरपीएम’ लिहितं. ठोके थांबले तर पंखा अडकला, हे त्यावरूनच कळतं.

वेग किती ठेवायचा हे ‘फॅन कर्व्ह’ ठरवतो : आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर वेग, मधे आपण ओढलेली वक्ररेषा. सोपं वाटतं, पण नवशिक्यांचे बहुतेक पीसी इथेच घोंघावतात. आजचे प्रोसेसर ब्राउजरची एक टॅब उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंशांनी उसळतात आणि तितक्याच चटकन खाली येतात. पंख्याने प्रत्येक उसळीला प्रतिसाद दिला तर तो दिवसभर धापा टाकत राहतो. उपाय म्हणजे त्याला थोडा आळशी करणं : काही सेकंदांची सरासरी घ्यायची, आणि तापमान चढताना जिथे वेग वाढतो त्याच्या तीन-चार अंश खाली आल्यावरच तो उतरू द्यायचा. लिक्विड कूलर असेल तर पंख्यांना प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर चालवावं. पाणी तापायला काही मिनिटं घेतं, म्हणून पंखेही शांतपणे वागतात. पंप मात्र या वक्ररेषेत अडकवू नये. तो एका ठरावीक वेगावर चालू द्यावा.

वेगाचं आणखी एक तत्त्व लक्षात ठेवण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा जिवाच्या आकांताने पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणं शहाणपणाचं.

आता यात आपल्या हवामानाचा भाग. यूट्यूबवरून उचललेले कर्व्ह बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत बेतलेले असतात. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती वर, एवढंच ठरवतो. समजा एखादा कूलर जड गेमच्या वेळी प्रोसेसरला खोलीपेक्षा ५० अंश वर रोखतो. पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोली २० अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० वर राहील. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि घरातला कूलर चालू असूनही खोली ३८ वर, तेव्हा तोच प्रोसेसर ८८ वर जाईल. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे, म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही. पण ८० अंशांना पंखे शंभर टक्क्यांवर नेणारा उसना कर्व्ह तिथे दुपारभर किंचाळत राहणार. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी उन्हाळ्याचं आणि बाकीच्या वर्षाचं अशी दोन प्रोफाइल ठेवावीत, आणि धूळ साफ केल्यानंतरच कर्व्हला हात घालावा, असा सल्ला मी दिला आहे. जाळी तुंबलेली असताना आखलेली रेषा धुळीची असते, पंख्याची नसते.

०००

माउस आणि कीबोर्डचं सॉफ्टवेअर वरकरणी निरुपद्रवी वाटतं : माउसचा डीपीआय, बटणांची अदलाबदल, मॅक्रो, रंग. पण त्याचा हात खेळाच्या नियमांपर्यंत पोहोचतो, हे २०२४ मध्ये दिसलं. शूटर गेममध्ये डावीकडे धावताना थांबून नेम धरायचा असेल तर डावीकडचं बटण सोडून क्षणभर उजवीकडचं दाबायचं असतं. हे अचूक वेळेत जमायला सरावाची वर्षं जातात. बोटं जराशी चुकली तर दोन्ही बटणं एकदम दाबली जातात आणि खेळाडू जागीच अडखळतो. त्या वर्षीच्या जुलैत रेझरने काही कीबोर्डांसाठी सॉफ्टवेअर अपडेटमधून ‘स्नॅप टॅप’ आणलं : दोन्ही बटणं दाबलेली असली तर शेवटचं तेवढंच खरं मानायचं. वर्षांचा सराव एका टिकमार्कवर आला. ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर अशा सोयी वापरणाऱ्यांना सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. कौशल्य कुठे संपतं आणि यंत्राची मदत कुठे सुरू होते, या वादाचा निकाल कीबोर्डच्या सेटिंग्जच्या पानावर लागावा, हे मला या विषयाच्या वजनाचं चांगलं उदाहरण वाटतं.

आता पुस्तकातल्या सर्वांत गंभीर भागाकडे येतो. प्रोसेसरचं तापमान त्याच्या आतल्या विशेष रजिस्टरांत असतं. पंख्यांचा ताबा मदरबोर्डवरच्या नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीच्या एका चिपकडे असतो. रॅमवरचे दिवे एसएमबस नावाच्या दोन तारांवर बसलेले असतात, आणि त्याच तारांवर रॅमची ओळख सांगणारी छोटी मेमरीही असते. यांतल्या कशालाही विंडोजमधला साधा प्रोग्रॅम हात लावू शकत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर लागतो. तो लिहायला वेळ, पैसा आणि मायक्रोसॉफ्टच्या सहीची प्रक्रिया लागते. म्हणून अनेकांनी सोपी वाट धरली : २००७-०८ च्या सुमारास एका जपानी प्रोग्रॅमरने लिहिलेला ‘विनरिंगझीरो’ नावाचा, आधीच सही झालेला ड्रायव्हर जसाच्या तसा वापरायचा. छोट्या हौशी प्रोग्रॅमपासून नावाजलेल्या कंपन्यांपर्यंत त्याचा प्रसार झाला.

अडचण अशी, की हा ड्रायव्हर आपल्याला कोण हाक मारतंय हे पुरेसं तपासत नाही. पंख्याच्या प्रोग्रॅमला तो जे दार उघडून देतो, तेच एखाद्या व्हायरसलाही उघडून देऊ शकतो. २०२० मध्ये या त्रुटीची अधिकृत नोंद झाली, आणि मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने विनरिंगझीरोला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. ‘फॅनकंट्रोल’ हा पंख्यांचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या अनेकांना एके दिवशी दिसलं, की आपला प्रोग्रॅम क्वारंटाइनमध्ये गेला आणि पंखे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगवर परतले. त्यानंतर फॅनकंट्रोलने ‘पॉनआयओ’ या नव्या, जास्त बंदिस्त ड्रायव्हरचा आधार घेतला.

ही भीती पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की ‘रॉबिनहूड’ रॅन्समवेअर चालवणारे लोक गिगाबाइटचा एक जुना, सहीचा ड्रायव्हर स्वतःसोबत आणून पीडिताच्या यंत्रात बसवत आणि त्याच्या जोरावर अँटिव्हायरस मारत. त्या यंत्रात गिगाबाइटचा मदरबोर्ड असण्याचीही गरज नव्हती. सही खरी होती, तेवढं पुरे. २०२२ मध्ये ‘ब्लॅकबाइट’ टोळीने एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरचा असाच वापर केला. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तर एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं, की विंडोज १० च्या पीसीला रेझरचा माउस नुसता जोडला तरी पुरतं. विंडोज सिनॅप्सचा इन्स्टॉलर आपणहून उतरवून सर्वोच्च अधिकाराने सुरू करी. इन्स्टॉलर फोल्डर निवडायला एक खिडकी उघडत असे. त्या खिडकीत शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की विंडोजला थेट हुकूम देणारं पॉवरशेल उघडत असे, तेही त्याच सर्वोच्च अधिकाराने. पासवर्ड लागत नव्हता. रेझरने पुढे ही फट बुजवली, पण धडा राहतो : माउसच्या रंगासाठी यंत्राचा सगळा ताबा देण्याची ही पद्धतच मुळात तपासायला हवी.

०००

याला उत्तरं तीन बाजूंनी आली आहेत, आणि तिन्हींना पुस्तकात जागा दिली आहे.

पहिलं उत्तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं. कंपन्या लिनक्ससाठी सहसा काही देत नाहीत. म्हणून तिथल्या लोकांनी स्वतःची साधनं घडवली. तापमानासाठी एलएम-सेन्सर्स, लिक्विड कूलरसाठी लिक्विडसीटीएल, रेझरच्या उपकरणांसाठी ओपनरेझर. दिव्यांसाठी ॲडम होन्स यांनी सुरू केलेला ‘ओपनआरजीबी’ हा प्रकल्प आता विंडोजवरही चालतो आणि कित्येक कंपन्यांची उपकरणं एकाच खिडकीत आणतो. कंपन्या आपली भाषा उघड करत नाहीत, म्हणून स्वयंसेवक मूळ सॉफ्टवेअर चालू ठेवून यूएसबीवरून जाणारे संदेश टिपतात, रंग बदलला की कुठला बाइट बदलला हे ताडून पाहतात आणि उपकरणाची भाषा अशी अक्षर-अक्षर लावतात. या कामात जोखीम असते. सुरुवातीच्या काळात काही एमएसआय बोर्डांचे दिवे कायमचे बिघडले, आणि गिगाबाइटचे काही झेड३९० बोर्ड बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. प्रकल्पाने त्या बोर्डांना हात लावणारा कोड बंद केला आणि हा सगळा प्रकार आपल्या माहितीपत्रात जाहीर लिहून ठेवला. इतका मोकळेपणा या क्षेत्रात मी इतरत्र क्वचित पाहिला आहे.

दुसरं उत्तर मायक्रोसॉफ्टचं. सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून विंडोज ११ मध्ये ‘डायनॅमिक लाइटिंग’ आलं. त्यामागे ‘लॅम्पॲरे’ हे मानक आहे : आपल्यावर दिवे किती आणि प्रत्येक दिवा नेमका कुठे, हे उपकरण स्वतःच विंडोजला सांगतं, अंतरं मायक्रोमीटरमध्ये. मग वेगळा ड्रायव्हर नको, कंपनीचं ॲपही नको. मानक पाळणारी उपकरणं अजून मोजकी आहेत आणि मिळणारे इफेक्ट साधे आहेत, पण दिशा बरोबर आहे.

तिसरं उत्तर सर्वांत जुनं आणि मला सर्वांत आवडतं : सेटिंग उपकरणाच्या पोटातच ठेवणं. क्यूएमके फर्मवेअरवर चालणाऱ्या कीबोर्डाला एकदा सांगितलं की बटणांची मांडणी, मॅक्रो आणि रंग त्याच्या स्वतःच्या मेमरीत जातात. तो ऑफिसच्या लॅपटॉपला लावा, मित्राच्या पीसीला लावा, तसाच वागतो. बऱ्याच गेमिंग माउसमध्येही अशी मेमरी असते. ती वापरायची हे माहीत नसल्यामुळे लोक अख्खं सॉफ्टवेअर वर्षभर चालू ठेवतात. पंख्यांचंही तेच. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये कर्व्ह आखायची सोय असते आणि त्याला विंडोजमध्ये काहीही बसवावं लागत नाही. बायोसला सहसा ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत नाही, एवढी त्याची मर्यादा. आणि बायोस अपडेट केल्यावर कर्व्ह पुन्हा भरावा लागतो, एवढा त्याचा त्रास.

या तीन उत्तरांवरून माझा पक्ष उघड होतो, तो लपवत नाही. ज्या सॉफ्टवेअरने आपलं काम उपकरणात लिहून ठेवलं आणि नंतर ते बंद करता येतं, ते चांगलं. जे बंद करताच सगळे दिवे इंद्रधनुष्यी होतात आणि पंखे बोंबलू लागतात, ते कितीही देखणं असलं तरी दुय्यम. संगीताच्या तालावर किंवा गेममधल्या प्रसंगावर दिवे नाचवायचे असतील तर मागे काहीतरी चालू ठेवावंच लागतं. हौसेला माझा विरोध नाही. तिची किंमत आधी माहीत असावी, एवढंच.

०००

पुस्तकाची मांडणी अशी. पहिलं प्रकरण केबल आणि हेडरांचं : काय कुठे लावायचं आणि काय कधीच लावायचं नाही. दुसरं दिव्यांचं. तिसरं पंखे आणि कर्व्हचं, चौथं लिक्विड कूलरचं. पाचव्यात माउस, कीबोर्ड आणि हेडसेट. सहाव्यात ड्रायव्हर, अधिकार आणि सुरक्षितता. सातव्यात एकाच पीसीवर अनेक कंपन्यांची सॉफ्टवेअरं भांडतात तेव्हा काय करायचं ते आहे. एसएमबसवर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी बोलू लागले की रंग गोठतात किंवा सेन्सर भलतेच आकडे दाखवतात, आणि दोष बिचाऱ्या रॅमवर येतो. आठवं लिनक्ससाठी, नववं लॅपटॉपसाठी. एसुसच्या लॅपटॉपवर आर्मरी क्रेटऐवजी चालणाऱ्या ‘जी-हेल्पर’सारख्या हलक्या पर्यायांची ओळख तिथे आहे.

दोन गोष्टी मुद्दाम गाळल्या. ओव्हरक्लॉकिंग हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळं पुस्तक लागेल. आणि ‘इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा’ अशी स्क्रीनशॉटची मालिका दिलेली नाही, कारण या सॉफ्टवेअरांचा चेहरामोहरा अपडेटगणिक बदलतो. त्याऐवजी प्रत्येक सेटिंगमागे हार्डवेअरमध्ये काय घडतं ते सांगितलं आहे. बटण हललं तरी ते कशाचं आहे हे ओळखता येईल.

वाचक कोण, याचा विचार लिहिताना सतत केला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः पीसी जोडणारे कॉलेजातले मुलगे-मुली तर आहेतच. पण कोल्हापूर, नाशिक, अकोल्याकडचे असेंबलर आहेत, ज्यांच्याकडे गिऱ्हाईक ‘लाइट चालत नाहीत’ म्हणून पीसी उचलून आणतं आणि मजुरी द्यायला कुरकुरतं. आणि आई-बाबा आहेत. दोन खोल्यांच्या घरात पीसी ज्या खोलीत असतो तिथेच कुणीतरी झोपतं, आणि पीसी बंद केल्यावरही कीबोर्ड रात्रभर रंग बदलत राहतो, कारण एसएमपीएस स्टँडबायवर यूएसबीला ५ व्होल्ट पुरवतच असतो. बायोसमधलं ‘इआरपी’ नावाचं एक सेटिंग चालू केलं की बहुतेक बोर्डांवर तो उजेड विझतो. घरातली अशी भांडणं मिटवणारे छोटे उपाय मी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या चौकटीत दिले आहेत.

पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. पीसी अजून जोडायचा असेल तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. आधीच जोडलेला असेल तर सहावं आधी वाचा आणि आपल्या यंत्रावर काय काय बसलंय त्याची यादी करा. अर्धी यादी खोडायची इच्छा होईल, आणि ती पुरी करायला हरकत नाही. आणि ज्यांचा पीसी या क्षणी शेजारी घोंघावतोय, त्यांनी इथून सरळ तिसऱ्या प्रकरणावर जावं.